कनूत बंदूक कुठे ठेवणार?

मागच्या अंकात कॅनडातल्या उत्तर ओंटारिओच्या नद्यांवर कनूने, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद, हलक्या होडीने, फिरण्याबद्दल लिहिलं होतं. वाटलं होतं, पत्रं येतील ती डासांबद्दल, नाहीतर भाड्याच्या कनूबद्दल. आली ती जवळजवळ सगळी अस्वलाबद्दल. त्यातली काही निवडून उत्तरं देते आहे.

*ताई, आम्ही चार मित्र जुलैत वाबाकिमीला दहा दिवसांची कनू ट्रिप करतोय. आमच्यातल्या एकाने गेल्या वर्षी कोर्स करून बंदुकीचं लायसन्स काढलं आणि बारा बोअरची पंप ॲक्शन शॉटगनही घेतली. तो म्हणतो, अस्वलांच्या जंगलात बंदुकीशिवाय जाणं म्हणजे मूर्खपणा. माझ्या बायकोचं तर स्पष्ट आहे, बंदूक नसेल तर जायचं नाही. मला स्वतःला अस्वलापेक्षा त्या बंदुकीचीच धास्ती जास्त वाटते. तुम्ही काय कराल?*
— एक वाचक, मिसिसागा

मित्राला सांगा, बंदूक घरी कुलपात ठेव. वाबाकिमी हे प्रांतिक उद्यान आहे, आणि ओंटारिओच्या प्रांतिक उद्यानांत शिकारीला परवानगी असलेला काळ आणि भाग सोडला तर बंदूक बाळगता येत नाही. अल्गॉन्क्विन, क्वेटिको इथेही तेच. सुपीरियर सरोवराच्या काठचं पुकास्क्वा किंवा पश्चिमेकडे नहानी, ही राष्ट्रीय उद्यानं. तिथे तर तुमच्या-माझ्यासारख्या पाहुण्यांनी बंदूक नेण्याचा प्रश्नच येत नाही.

पण कायदा सांगून थांबले तर वहिनी म्हणतील, मग उद्यानाबाहेर सरकारी जमिनीवर जा, तिथे चालते ना? चालते. म्हणून मी तुमच्या मित्राला एकच विचारते. कनूच्या दिवसात ही बंदूक कुठे असणार?

सकाळी निघालात. कॅनडाच्या नियमाप्रमाणे बंदूक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना रिकामी असावी लागते. ती पाण्यात जाऊ नये म्हणून वॉटरप्रूफ पिशवीत घालणार, आणि कनू उलटली तर बुडू नये म्हणून पिशवी आडव्या दांडीला बांधणार. म्हणजे गाठ सोडा, पिशवी उघडा, बंदूक काढा, काडतुसं शोधा, भरा. पाण्यावर असताना अस्वलापासून वाचायला एवढं काही लागत नाही. चार वल्ही मारलीत की झालं.

मग येतं पोर्टेज, म्हणजे कनू आणि सामान उचलून चालायचा टप्पा. अस्वल समोरासमोर भेटण्याची सगळ्यात मोठी शक्यता इथेच, कारण पाण्याला टाळून जाणारी ती पायवाट माणसांइतकीच जनावरांचीही असते. तुमच्या डोक्यावर कनू उलटी घातलेली, दोन्ही हात तिच्या काठांना धरलेले, समोर दिसतंय ते फक्त पाच-सहा पावलांचं मुरूम आणि मुळं. धबधब्याचा आवाज असेल तर अस्वलालाही तुमची चाहूल नाही. त्या क्षणी बंदूक कुठे आहे? बहुतेक वेळा मागच्या टोकाला, दुसऱ्या खेपेच्या सामानात. पाठीवर अडकवलीत तर कनूची जोखडासारखी दांडी खांद्यांवर नीट बसत नाही, आणि नळी प्रत्येक फांदीत अडकते. बेअर स्प्रेचा, म्हणजे अस्वलावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याचा, डबा मात्र लाइफ जॅकेटच्या छातीवर किंवा कमरेच्या पट्ट्यावर बसतो. कनू एका बाजूला टाकून द्यायची आणि हात तिथे न्यायचा, बस. पोर्टेजवर डबा बॅगेत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी डबा आणला काय आणि न आणला काय, सारखंच.

उरली रात्र. तंबूत चार माणसं झोपलेली, बाहेर काहीतरी खसखसतंय, आणि वर्षभरापूर्वी कोर्स केलेला एक जण झोपेतून उठून अंधारात काडतूस चढवतोय. बाहेर कोण आहे? बऱ्याचदा खारीपेक्षा मोठं काही नसतं. किंवा तुमच्यातलाच एक जण लघवीला गेलेला असतो. तुम्हाला या बंदुकीची धास्ती वाटते, त्यात भित्रेपणा काही नाही.

तुमच्या मित्राने लायसन्ससाठी जो कोर्स केला तो चांगला आहे. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत ८० टक्के मिळवावे लागतात, अर्जावर बायकोची किंवा जोडीदाराचीही सही मागतात. पण तो बंदूक सुरक्षित कशी हाताळायची हे शिकवतो. अंगावर येणारं अस्वल थांबवायचं ही वेगळीच गोष्ट. धावणारं अस्वल सेकंदाला बारा-चौदा मीटर येतं. तीस मीटरवर दिसलं तर सेफ्टी काढायला, पंप ओढायला, नेम धरायला मिळून दोन-अडीच सेकंद. डोकं खाली घालून झुडपांतून येणाऱ्या जनावरावर स्लगची एक गोळी लागायला हवी, तीही अशा जागी की ते थांबेल. गारठलेल्या, ओल्या हातांनी. जो दर वसंतात रेंजवर जाऊन काडतुसांच्या पेट्या रिकाम्या करतो त्याला हे जमेलही. तुमचा मित्र घेतल्यापासून ती बंदूक किती वेळा चालवून आला, हे त्याला विचारून बघा.

आकडे हवे असतील तर अलास्कातले आहेत. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये स्प्रेच्या घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के वेळा स्प्रेने अस्वलाचं नको ते वागणं थांबलं. स्प्रे जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना काहीच इजा झाली नाही. तिघांना झाली, तीही किरकोळ. २०१२मध्ये स्मिथ, हेरेरो आणि इतरांनी बंदुकीच्या २६९ घटना पाहिल्या. पिस्तूल ८४ टक्के, लांब नळीची बंदूक ७६ टक्के वेळा कामी आली. पण माझ्या मते महत्त्वाचं वाक्य वेगळं आहे: बंदूक जवळ असलेल्यांनी ती चालवली काय आणि न चालवली काय, जखमी होण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

आता वहिनींसाठी. वाबाकिमीत ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वलं, नाहीत, संपूर्ण ओंटारिओतच नाहीत. वाबाकिमीत आहेत ती काळी अस्वलं. ती माणसाला पाहून बहुधा पळतात, फार तर तोंडाने फुस्स करतात आणि पंजा आपटतात. ती धमकी असते, हल्ला नव्हे. घाबरायचं ते गप्प, सावकाश, डोळा न हलवता मागे-मागे येणाऱ्या एकट्या अस्वलाला. हेरेरो यांनी १९०० ते २००९ या काळातले काळ्या अस्वलांचे जीवघेणे हल्ले तपासले: उत्तर अमेरिकेत ६३ माणसं गेली, आणि बहुतेक हल्ले भक्ष्य समजून, बहुतेक नर अस्वलाने, बहुतेक एकट्या-दुकट्या माणसांवर केलेले होते. अल्गॉन्क्विनमध्ये १९७८ साली तीन मुलं आणि १९९१मध्ये ओपिओंगो सरोवराच्या एका बेटावर एक जोडपं असंच गेलं. बेट म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. अस्वलं उत्तम पोहतात. तुम्ही चौघं आहात, एकत्र राहा. असं अस्वल आलं तर पळू नका, झाडावर चढू नका (ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं), चौघं खांद्याला खांदा लावून उभे राहा, भांडी बडवा, मराठीत येतील तेवढ्या शिव्या मोठ्याने घाला, जवळ आलं तर स्प्रे मारा, आणि अंगावर आलंच तर हातात येईल त्याने नाकातोंडावर मारा.

वहिनींना बंदुकीऐवजी तीन गोष्टी दाखवा: माणशी एक स्प्रे, सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र, आणि चौघांच्या अंगात बसणारी लाइफ जॅकेट. कनूवाले अस्वलापेक्षा गार पाण्याने कितीतरी जास्त मरतात, आणि त्याबद्दल मला आजवर एकाही बायकोचं पत्र आलेलं नाही.

*स्प्रेचं एवढं कौतुक करता, मग सप्टेंबर २०२३चं बॅन्फ विसरलात का? ग्रिझलीने मारलेल्या त्या जोडप्याजवळ स्प्रे होता. रिकामा डबा सापडला. बंदूक असती तर?*
— एक वाचक, कॅलगरी

विसरले नाही. मुरलेलं, जाणतं जोडपं होतं ते. रेड डिअर नदीच्या खोऱ्यात, कुत्र्यासह. त्यांनी सॅटेलाइटवरून मदत मागितली, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर उडू शकलं नाही, पथक रात्रीत जमिनीच्या वाटेने पोचलं. अस्वल म्हातारी मादी निघाली, दात खराब झालेले.

स्प्रे प्रत्येक वेळी चालतो असं कुणीच प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. दहातली एखादी वेळ राहतेच. वाऱ्याचं सांगायचं तर अलास्काच्या त्या अभ्यासात ७ टक्के घटनांमध्ये वाऱ्याने फवाऱ्यात अडथळा आणला. मोकळ्या सरोवराच्या काठावर ही गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. थंडीत डब्यातला दाब उतरतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये रात्री डबा झोपायच्या पिशवीजवळ घ्यायचा. मुदत उलटलेला डबा फेकायचा.

आणखी एक कबूल करते, कारण बंदूकवाले ते मांडतात आणि त्यात तथ्य आहे. ते दोन अभ्यास शेजारी ठेवून ९२ विरुद्ध ७६ अशी वजाबाकी करता येत नाही. स्प्रेच्या घटनांत बरीचशी अस्वलं नुसती उत्सुक किंवा अन्नाच्या वासावर आलेली होती. बंदुकीच्या यादीत १८८३पासूनच्या घटना आहेत, आणि ज्यांनी अस्वलाला सहज मारलं त्यांची बातमीच झाली नसेल. तरीही मी स्प्रेच्या बाजूने आहे. फवारा म्हणजे पाच-सात मीटर लांबीचा मिरचीचा ढग, त्याला नेम फारसा लागत नाही. चुकला तर दुसऱ्यांदा दाबता येतो. आणि घाबरलेल्या हाताने चुकून मित्रावर मारला तर मित्र तासभर रडेल, पण उठून बसेल.

बॅन्फच्या त्या रात्री बंदूक असती तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही नाही. अंधार, तंबू आणि अंगावर आलेलं अस्वल, एवढ्यात काय-काय जमतं याचा हिशेब घरी बसून मांडू नये.

*मी सिॲटलला एच-वन-बीवर आहे. पुढच्या वर्षी अलास्कात ब्रुक्स रेंजमधल्या नोआटक नदीवर जायचं ठरतंय. तिकडचे लोक म्हणतात, अलास्कात सगळेच बंदूक नेतात. मी दुकानातून घेऊ शकतो का?*
— एक वाचक, सिॲटल

थांबा. ही पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि अस्वलाशी तिचा संबंध नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. नुसतं विकत घ्यायला नव्हे, बाळगायलाही. एच-वन-बी, विद्यार्थी व्हिसा, पर्यटक, सगळे त्यात आले. मुख्य अपवाद आहे तो एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. अलास्कात राज्याचे नियम सैल आहेत, २०१०पासून राष्ट्रीय उद्यानांतही राज्याच्या नियमांप्रमाणे बंदूक नेता येते, हे सगळं खरं. पण ‘तिकडे सगळेच नेतात’ यातले ‘सगळे’ अमेरिकन नागरिक आहेत. तुमच्यासाठी हा गुन्हा ठरू शकतो आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळं त्यावर अडकू शकतं. मित्राची बंदूक ‘जरा धर’ म्हणून हातात घेण्याआधीही वकिलाला विचारा. मी वकील नाही.

तुमच्या गटात नागरिक असलेला, बंदुकीत मुरलेला कुणी असेल तर त्याने न्यावी. नोआटकवर ग्रिझली आहेत आणि नदी मोकळ्या टुंड्रातून जाते, तिथे मी त्याला नको म्हणणार नाही. फक्त त्याला पुढचं माहीत आहे का, ते बघा. अलास्कात जीव वाचवायला अस्वल मारलंत तर ते तिथेच टाकून येता येत नाही. कातडं नखांसकट सोलून आणि कवटी काढून राज्याच्या खात्याला द्यावी लागते, जबाब द्यावा लागतो. आणि अन्न-कचरा उघडा टाकून अस्वलाला तुम्हीच बोलावलं असेल तर तो बचाव धरत नाहीत. नदीकाठी, पावसात, मेलेल्या ग्रिझलीचं कातडं सोलणं. मित्राला विचारा, सुरी आणली आहेस का म्हणावं.

कुणी अमेरिकेतून कॅनडात बंदूक घेऊन येणार असेल तर शॉटगन किंवा साधी रायफल सीमेवर फॉर्म भरून, शुल्क भरून आणता येते. अस्वलापासून बचावासाठी पिस्तूल मात्र आणता येत नाही. इथे २०२२पासून पिस्तुलांची खरेदी-विक्रीच गोठवली आहे.

*मॅनिटोबातल्या सील नदीवरून हडसन बेपर्यंत उतरायचं आमचं स्वप्न आहे. तिथेही तुम्ही बंदूक नको म्हणाल?*
— दोघी मैत्रिणी, विनिपेग

नाही. तिथे मी हवी म्हणेन.

सील नदी चर्चिल गावाच्या उत्तरेला हडसन बेला मिळते. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की पांढरी अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि पुन्हा बर्फ धरेपर्यंत तिथेच असतात. ज्या मुखाशी तुम्ही बोटीची किंवा विमानाची वाट बघत, वारा पडेपर्यंत कदाचित दोन-तीन दिवस थांबाल, ती त्यांची जागा. ओंटारिओत विनिस्क नदीने पीवानकच्या खाली उतरलात तरी तेच. वरच्या भागात काळं अस्वल, आणि शेवटच्या टप्प्यात अचानक नियम बदलतो. पांढरं अस्वल माणसाला पाहून पळेलच असं नाही. उघड्या चिखलाच्या किनाऱ्यावर लपायला झाड नाही, आणि वारा बेवरून सतत.

माझ्याकडे शॉटगन आहे ती याच किनाऱ्यासाठी. वरच्या नदीवर ती पिशवीतून बाहेर येत नाही. किनाऱ्यावर आल्यावरही क्रम ठरलेला: आधी तंबूभोवती बॅटरीवरचं विजेचं कुंपण, मग रात्री पाळीपाळीने पहारा (तिकडे जुलैत रात्र तशी होतच नाही, पण झोप येते), मग आवाजाचे फटाके आणि फ्लेअर, मग स्प्रे, आणि सगळ्यात शेवटी गोळी. फटाका मारताना तो अस्वलाच्या मागे जाऊन फुटणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर ते पळेल ते तुमच्याच दिशेने.

कुंपणावर विसंबून झोपूही नये. जुलै २०१३मध्ये लॅब्राडोरच्या टॉर्नगॅट राष्ट्रीय उद्यानात एका गटाच्या कुंपणातून पांढरं अस्वल आत आलं आणि तंबूतल्या माणसाला डोकं जबड्यात धरून ओढून नेऊ लागलं. गाईडने फ्लेअर झाडला, अस्वलाने त्याला सोडलं, तो वाचला. त्या गटाकडे बंदूक नव्हती. उद्यानात पाहुण्यांना ती नेता येत नाही. तिथे इनुइट राखणदार बरोबर घ्या असं उद्यानवालेच सांगतात, आणि त्यांच्याजवळ बंदूक असते.

तुम्हा दोघींपैकी एकीला बंदूक मनापासून येत नसेल, तर शेवटच्या टप्प्यासाठी चर्चिलचा माणूस ठरवा. किंवा मुखाच्या बरंच वर नदीतूनच विमानाने उचलून घ्यायला सांगा. बेलुगा (पांढरे देवमासे) बघायच्या राहतील. त्या चर्चिलहून बोटीने बघता येतात.

*आमच्या घरी फोडणीशिवाय कुणी जेवत नाही. नवरा म्हणतो, हिंगाच्या वासाने दहा मैलांवरून अस्वल येईल, ट्रिपमध्ये कोरडे बार खायचे. खरं का?*
— एक वाचक, ब्रॅम्प्टन

नवऱ्याला सांगा, त्या कोरड्या बारमध्ये मध आणि शेंगदाणे असतात. अस्वलाला ते हिंगापेक्षा जास्त आवडतील.

फोडणी करा. फक्त जिथे फोडणी तिथे झोप नको. कनूवाल्यांची यात एक चैन आहे जी पायी फिरणाऱ्यांना नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला एका खडकावर उतरायचं, स्वयंपाक करायचा, जेवायचं, भांडी धुवायची, आणि मग तासभर वल्हवत पुढे जाऊन तंबू ठोकायचा. वास मागे राहतो, तुम्ही पुढे. जेवल्या जागीच राहायचं असेल तर चूल आणि तंबू यांत साठ-सत्तर पावलांपेक्षा जास्त अंतर ठेवा आणि अन्न तिसरीकडे. फोडणी ज्या शर्टावर उडाली तो शर्ट घालून तंबूत जायचं नाही, तो अन्नाबरोबर.

अन्न ठेवायला निळं पिंप भाड्याने मिळतं, तीस किंवा साठ लिटरचं, झाकणाला लोखंडी कडं. ते पाणी आणि वास बराचसा अडवतं, पण अस्वल अडवत नाही. भुकेलं अस्वल ते फोडतं. म्हणून ते तंबूपासून दूर, पायवाटेपासून बाजूला ठेवायचं. किंवा अस्वलाला न फुटणारा प्रमाणित डबा घ्यायचा. टूथपेस्ट, सनस्क्रीन, मुलांची चॉकलेटं, सगळं त्यातच.

काय न्यायचं? थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, मुगाची डाळ, सुकं खोबरं, लसणाची चटणी छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत. अल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, तेव्हा लोणच्याची बरणी घरीच. सुकट आणि बोंबील मात्र नका नेऊ. मी कोकणी माणसांच्या विरोधात नाही, पण तो वास पिंपाला लागला की तुमच्यानंतर ते भाड्याने घेणारा मला पत्र लिहील. आणि पकडलेल्या माशाची आतडी काठावर टाकून झोपू नका. बंदूक मागणारे निम्मे लोक हेच करतात.

*माझे वडील बुलढाण्याचे. ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला आमचं शेत आहे. ते म्हणतात, अस्वलाइतकं वाईट जनावर नाही, वाघ परवडला. आणि समोर आलंच तर शाळेच्या पुस्तकातल्या गोष्टीसारखं श्वास रोखून पडून राहायचं. ते ऑगस्टमध्ये इकडे येतायत, कनूत बसायला तयार नाहीत.*
— एक वाचक, ओटावा

तुमचे वडील त्यांच्या अस्वलाबद्दल बरोबर बोलतायत. मीही विदर्भातलीच. आपलं अस्वल वाघाच्या शेजारी वाढलेलं. वाघापासून पळून सुटका नाही, म्हणून ते अचानक कुणी जवळ आलं की उभं राहून आधी तोंडावर पंजा मारतं. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या माणसाची आणि त्याची गाठ एकाच झाडाखाली पडते, आणि मान खाली घालून वारूळ उकरणाऱ्या अस्वलाला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. इथलं काळं अस्वल घनदाट जंगलातलं, त्याची सवय झाडावर चढून सुटायची. पिल्लांची आईसुद्धा बहुधा पिल्लांना झाडावर पाठवते आणि खालून नुसती फुरफुरते. काकांना अल्गॉन्क्विनच्या रस्त्यालगतच्या एखाद्या शांत तळ्यावर न्या, दुपारी दोन तास. तिथे बेअर स्प्रेही कुणी विचारणार नाही, पण जवळ ठेवा, त्यांना बरं वाटेल.

पडून राहायचं मात्र काळ्या अस्वलापुढे नाही. ते ग्रिझलीसाठी, तेही तिने पिल्लांसाठी किंवा शिकार राखायला हल्ला केला आणि अंगावर आलीच तर: पोटावर पालथं, बोटं मानेमागे गुंफलेली, पाय फाकवलेले, पाठीवरची बॅग तशीच. रात्री तंबूत कुठलंही अस्वल शिरलं तर पडून राहू नये, लढावं.

*भाऊ पुण्याहून येतोय. तिकडे बेअर स्प्रे मिळत नाही, इथून व्हँकुव्हरला जाताना माझा डबा बरोबर नेऊ का?*
— एक वाचक, टोरंटो

विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि खाली टाकलेल्या बॅगेतही नाही. व्हँकुव्हरला उतरल्यावर विकत घ्या. लेबलवर प्राण्यांसाठी असं लिहिलेला आणि निदान २२५ ग्रॅमचा. आत मिरची नसलेला सरावाचा डबाही मिळतो; तो भावाला एकदा अंगणात वाऱ्याच्या उलट दिशेने मारून बघायला द्या, म्हणजे कळेल. फ्लोटप्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने) तळ्यावर जाणार असाल तर पायलटला आधी सांगा. डबा तो केबिनमध्ये घेत नाही, बाहेर फ्लोटच्या कप्प्यात ठेवतो. तंबूवर, कनूवर आधीच फवारून ठेवू नका, सुकलेल्या मिरचीचा वास घेत अस्वलं उलट जवळ येतात. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवरही नको, डबा फुटतो. परत निघताना उरलेला डबा ज्यांच्याकडून कनू घेतलीत त्यांना देऊन टाका, त्यांना तो पुढच्या गिऱ्हाइकासाठी हवाच असतो.